पक्ष्याच्या पायातील चिठ्ठी

गाझियाबादच्या वैशाली स्थानकात मेट्रोच्या गाडीत बसले म्हणजे ती यमुना ओलांडून थेट दिल्लीच्या मंडी हाउस स्थानकात आणून सोडते. तेथून थोड्याच पावलांवर, तानसेन मार्गावर, उद्योगपतींच्या महासंघाची 'फिक्की' नावाची इमारत आहे. या इमारतीत ५ जून १९७८ रोजी, म्हणजे जागतिक पर्यावरण दिनी, राष्ट्रीय निसर्गेतिहास संग्रहालय जनतेस खुले झाले. गाझियाबाद हा स्वतंत्र जिल्हा होऊन तेव्हा पुरती दोन वर्षेही झाली नव्हती. पुढील अडतीस वर्षे दिल्लीच्या आणि आसपासच्या गावांच्या शाळा आपली मुले रांगेने येथे आणीत. पेंढा भरलेले वाघ-बिबळे, काचेआड उभे केलेले अरण्याचे देखावे, मुलांनी हाताळून पाहाव्यात अशा वस्तूंची एक खास खोली आणि सुमारे सोळा कोटी वर्षांपूर्वीच्या सॉरोपॉड डायनासोरचे एक हाड, अशी तेथील संपत्ती होती. २६ एप्रिल २०१६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, इमारतीस आग लागली आणि सकाळ होईतो संग्रहालयाचे मजले काळे पडले.

असे काही घडले की वर्तमानपत्रे हानीचा आकडा विचारतात. तो रुपयांत सांगता येत नाही हे खरे. पण मग तो कशात सांगावयाचा? जळालेल्या वाघाच्या जागी दुसरा वाघ मिळू शकेल, देखावा पुन्हा रंगविता येईल. तथापि निसर्गेतिहासाच्या संग्रहालयात देखाव्याच्या मागे आणखी एक संग्रहालय असते आणि तेथे सहसा प्रेक्षकांस नेत नाहीत. तेथे लाकडी वा पोलादी कपाटांच्या खणांमध्ये शेकडो पक्षी उताणे निजविलेले असतात. त्यांच्या डोळ्यांत काचेचे मणी नसतात, कापूस असतो. पंख मिटलेले, चोच पुढे, पाय एकमेकांवर आडवे बांधलेले. आणि त्या पायांस दोऱ्याने एक लहानशी चिठ्ठी. प्रस्तुत लेख त्या चिठ्ठीविषयी आहे.

पक्ष्याचा असा नमुना करण्याची रीत फारशी बदललेली नाही. पोटाकडून एक छेद देऊन कातडे पिसांसकट सोलून घ्यावयाचे, मांस आणि बहुतेक हाडे काढून टाकावयाची, कवटी, पंखांची व पायांची हाडे तेवढी ठेवावयाची आणि आत कापूस भरून शिवून टाकावयाचे. किडीपासून रक्षण व्हावे म्हणून पूर्वी कातड्यास आतून सोमलयुक्त साबण चोळीत. जुने नमुने हाताळणारे लोक म्हणूनच आजही हात धुतल्याखेरीज काही खात नाहीत. मात्र हे सर्व केले तरी जे हाती राहते तो निव्वळ पिसांचा एक पुडा होय. पक्षी कोठे मिळाला, कोणत्या दिवशी मिळाला, कोणी मिळविला, नर होता की मादी, जिवंतपणी डोळ्यांचा आणि पायांचा रंग कोणता होता (कारण हे रंग काही दिवसांतच विटून जातात), ही माहिती पिसांत नसते. ती चिठ्ठीत असते. चिठ्ठी हरवलेला पक्षी शोभेच्या कामी येईल, शास्त्राच्या कामी येत नाही. संग्रहालयांत एक कडक नियम पाळला जातो तो यासाठीच: जुनी चिठ्ठी चुकीची ठरली तरी ती काढून फेकावयाची नाही, तिच्या शेजारी दुसरी बांधावयाची.

एवढ्याशा कागदाला इतके महत्त्व का, हे एका घुबडाच्या हकिकतीवरून चांगले कळते. घुबड आपल्याच खानदेशातले. पण त्याच्या गोष्टीचा आरंभ गंगा-यमुनेच्या दुआबात होतो.

गाझियाबादवरून कानपूरकडे जाणाऱ्या लोहमार्गावर इटावा हे स्थानक लागते. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे तेथे कलेक्टर होते. पुढे १८८५ च्या डिसेंबरात मुंबईस काँग्रेसचे पहिले अधिवेशन भरले त्यामागील प्रमुख खटपट यांचीच, एवढे आपल्या शालेय पुस्तकांत असते. ते पक्ष्यांच्या मागे वेडे झालेले गृहस्थ होते, हे मात्र क्वचितच सांगितले जाते. १८५७ च्या मे महिन्यात मेरठला उठाव झाला, महिनाअखेरीस हिंडन नदीच्या काठी, आजच्या गाझियाबादेतच, इंग्रज फौजेची व उठाव करणाऱ्यांची लढाई झाली, आणि त्या वर्षाच्या धामधुमीत इटाव्यातील ह्यूम यांचे पक्षी, पुस्तके व टिपणे सारी नष्ट झाली. त्यांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. देशभर विखुरलेल्या अधिकाऱ्यांना पत्रे लिहून, कातडी कशी काढावी, चिठ्ठी कशी लिहावी याच्या सूचना देऊन, त्यांनी संग्राहकांचे एक जाळेच विणले. या सर्वांच्या नोंदी छापण्यासाठी १८७२ साली त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचे नियतकालिक काढले.

या जाळ्यातील एफ. आर. ब्ल्यूइट यांनी १८७२ च्या डिसेंबरात बसना-फुलझरच्या परिसरातून, म्हणजे आज छत्तीसगडात मोडणाऱ्या भागातून, एक लहान घुबड पाठविले. ते आपल्या ओळखीच्या पिंगळ्यासारखे दिसे; पण पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके विखुरलेले असतात, तसे याच्या डोक्यावर जवळजवळ नव्हतेच. पंखांवर व शेपटीवर रुंद पट्टे होते, आणि पंजे अंगाच्या मानाने बरेच थोराड होते. ह्यूम यांनी १८७३ साली ही नवी जाती म्हणून जाहीर केली आणि तिला ब्ल्यूइट यांचे नाव दिले. मराठीत आपण तिला रानपिंगळा म्हणतो.

यानंतर रानपिंगळ्याच्या नोंदी फार थोड्या झाल्या. १८७७ साली व्हॅलेंटाइन बॉल या भूगर्भशास्त्रज्ञाला ओरिसाच्या बाजूस एक मिळाला. त्यानंतरचे नमुने मात्र एकाच माणसाने व एकाच मुलखातून पाठविले. जेम्स डेव्हिडसन हे मुंबई इलाख्याच्या मुलकी सेवेतील अधिकारी १८८० च्या सुमारास पश्चिम खानदेशात होते. सातपुड्याच्या पायथ्याशी शहादा-तळोद्याकडे फिरतीवर असता त्यांना हे घुबड अनेकदा भेटले. खानदेशच्या पक्ष्यांची त्यांनी केलेली यादी 'स्ट्रे फेदर्स'मध्ये १८८२ साली छापून आली. १८८४ नंतर त्यांच्याकडूनही नमुना आला नाही. जगातील सर्व संग्रहालये धुंडाळली तरी रानपिंगळ्याची अवघी सात कातडी भरत.

डेव्हिडसन यांचा उल्लेख आला आहे तर थोडे आडवाटेला जाण्यास हरकत नाही. पुढे त्यांची नेमणूक कारवारकडे झाली. तेथे त्यांनी टी. आर. बेल आणि एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांच्यासमवेत उत्तर कानडा जिल्ह्यातील फुलपाखरांचा अभ्यास केला. तो प्रबंध मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकातून प्रसिद्ध झाला. ही संस्था १५ सप्टेंबर १८८३ रोजी आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली. त्यांत दोघे आपले होते: प्रार्थना समाजाच्या स्थापनेतील अध्वर्यू डॉ. आत्माराम पांडुरंग आणि वनस्पतींचे जाणकार डॉ. सखाराम अर्जुन. पहिल्या बैठका भायखळ्याच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात, म्हणजे आजच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयात होत. पुढे सभासद एच. एम. फिप्सन यांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या मद्याच्या दुकानात जागा दिली आणि बाटल्यांच्या शेजारी साप, शिंगे व फुलपाखरे नांदू लागली. त्या जागेत 'विल्यम' नावाचा एक थोरला धनेश कित्येक वर्षे पाळलेला होता. संस्थेच्या बोधचिन्हावर आजही धनेशच आहे.

यांतील एटकिन हे साताऱ्यास जन्मलेले, काही काळ पुण्याच्या डेक्कन कॉलेजात लॅटिन शिकविणारे व पुढे मिठाच्या आणि जकातीच्या खात्यात आयुष्य घालविलेले गृहस्थ. 'एहा' या टोपणनावाने ते लिहीत. घरातले उंदीर, छपरावरची पाल, दिव्याभोवतीचे किडे, अंगणातले कावळे यांच्यावर त्यांनी इतके प्रसन्न लिहिले की १८८३ साली निघालेले त्यांचे पहिले पुस्तक ज्यांना प्राणिशास्त्राचा गंधही नव्हता तेही वाचीत. १८८६ च्या जानेवारीत सोसायटीचे नियतकालिक सुरू झाले तेव्हा त्याच्या दोन संपादकांपैकी एक हेच होते. संग्रहालयातील खणाचा आणि रस्त्यावरच्या माणसाचा संबंध लेखणीने जोडून देता येतो, हे आपल्याकडे एहांइतके लवकर कोणाच्या लक्षात आले नसावे. पुढे १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयाच्या निसर्गेतिहास विभागात प्रेक्षकांना व शाळकरी मुलांना समजावून सांगण्यासाठी एक व्याख्याता-मार्गदर्शक नेमण्यात आला. त्याचे नाव सालिम अली. १९२८ साली ते अधिक शिक्षणासाठी बर्लिनला गेले आणि १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच बंद झालेली! रिकामा वेळ त्यांनी किहीमच्या किनाऱ्यावर सुगरणींची घरटी पाहण्यात घालविला. त्या निरीक्षणांनी ते पक्षिशास्त्रज्ञांमध्ये प्रथम नावारूपाला आले, ही त्या काटकसरीची एक अनपेक्षित प्राप्ती म्हणावी लागेल.

आता पुन्हा ह्यूम यांच्याकडे वळू. भारतीय पक्ष्यांवर एक महाग्रंथ लिहावयाचा म्हणून पंचवीस वर्षे साठविलेली टिपणे सिमल्याच्या त्यांच्या बंगल्यात होती. १८८५ च्या मार्च महिन्यात ते तेथे परतले तेव्हा एका नोकराने ती टिपणे बाजारात रद्दी म्हणून विकून टाकलेली आढळली. सिमल्याच्या बाजारात त्या कागदांत काय काय बांधून गेले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी. ह्यूम यांचा धीर सुटला. उरलेला संग्रह त्यांनी ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. तो नेण्यासाठी लंडनहून बाउडलर शार्प हे सिमल्यास आले आणि देवदाराच्या सत्तेचाळीस पेट्यांत सुमारे ८२,००० पक्षी व अंडी भरून घेऊन गेले. ग्रंथ गेला, परंतु प्रत्येक पक्ष्याच्या पायात चिठ्ठी होती. ह्यूम यांचे लेखन रद्दीत गेले असता त्यांच्या संग्रहाचे मोल टिकले ते या चिठ्ठ्यांमुळे.

रानपिंगळा मात्र पुन्हा दिसेना. विसावे शतक उजाडले आणि सरत आले. अनेकांनी त्याला नामशेष झालेल्या पक्ष्यांच्या पंक्तीला बसविले. त्यातल्या त्यात एक आशेची खूण होती. लंडनच्या संग्रहात एक रानपिंगळा होता. त्याच्या चिठ्ठीवर १९१४ साल आणि तापीकाठचे मांडवी हे गुजरातेतील ठिकाण लिहिलेले होते. संग्राहक होते कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागन. हे नाव त्या काळी वजनदार होते. लढवय्या, प्रवासी, पक्ष्यांवरील मोठ्या ग्रंथांचे कर्ते. १९५४ साली त्यांनी आपला सुमारे वीस हजार पक्ष्यांचा संग्रह ब्रिटिश म्युझियमला अर्पण केला होता. १८८४ नंतर तीस वर्षांनी पक्षी जिवंत होता, आणि तोही मांडवीला, असे ही चिठ्ठी सांगत होती. साहजिकच पुढच्या शोधकांनी तिच्यावर भिस्त ठेवून आपला शोध आखला. पक्षी सापडला नाही.

चिठ्ठी खोटी असू शकेल, हा विचार कोणाच्या मनात येण्यास इतका विलंब का लागला, असे आज विचारणे सोपे आहे. वस्तुतः शंका जुन्या होत्या. माइनर्ट्झहागन यांना ब्रिटिश म्युझियमच्या पक्षिदालनातून नमुने परवानगीवाचून बाहेर नेल्याबद्दल काही काळ बंदीही झाली होती. पण बड्या माणसावरील शंका कुजबुजीच्या पलीकडे जात नाहीत, हा अनुभव केवळ शास्त्रातलाच नव्हे. ते १९६७ साली वारले. त्यानंतर पाव शतकाने, १९९३ साली, ॲलन नॉक्स यांनी त्यांच्या संग्रहातील काही चिमण पक्ष्यांच्या चिठ्ठ्या बनावट असल्याचे पुराव्यानिशी दाखविले, आणि मग संग्रह नव्याने तपासला जाऊ लागला.

अमेरिकेतील स्मिथसोनियन संस्थेच्या पामेला रास्मुसेन या त्या सुमारास दक्षिण आशियातील पक्ष्यांचा एक ग्रंथ सिद्ध करीत होत्या. त्यांना प्रत्येक जातीच्या नोंदी मुळापासून पडताळणे भाग होते. त्यांनी व निगेल कॉलर यांनी मांडवीच्या रानपिंगळ्याचे क्ष-किरण चित्र घेतले. येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. कातडे काढून भरणे हे हस्ताक्षरासारखे असते. कोणी कवटी कशी साफ करतो, पंखाचे हाड कोठे तोडतो, कापूस किती घट्ट दाबतो, यावरून जाणकाराला हात ओळखता येतो. चिठ्ठी बदलता येते, शिवणही उसवून पुन्हा घालता येते. पण आतल्या हाडांवर आणि सांध्यांवर उमटलेली सवय पुसणे कठीण. मांडवीचा म्हणविला जाणारा पक्षी एकदा उसवून पुन्हा भरलेला होता, आणि आतील खुणा डेव्हिडसन यांच्या हातच्या होत्या. म्हणजे १८८० च्या दशकात खानदेशात मिळालेलाच एक पक्षी संग्रहालयातून उचलून, नवा कापूस भरून, नवी चिठ्ठी बांधून १९१४ चा म्हणून परत आणून ठेवला होता! मांडवीला रानपिंगळा दिसल्याची ती नोंद साफ खोटी होती.

एरवी अशा शोधाचा शेवट एखाद्या निबंधात होतो. रास्मुसेन यांनी त्यातून एक सरळ अनुमान काढले. खोटी चिठ्ठी बाजूला केली की उरतात त्या खऱ्या. खऱ्या चिठ्ठ्या एकीकडे छत्तीसगड-ओरिसाच्या बाजूस आणि दुसरीकडे शहादा-तळोद्याकडे बोट दाखवीत होत्या. शिवाय त्यांत तारखा होत्या. पक्षी बहुधा थंडीच्या दिवसांत मिळालेले होते, म्हणजे पाने झडू लागलेल्या दिवसांत, जेव्हा बसलेले घुबड दिसणे सोपे. १९९७ च्या नोव्हेंबरात रास्मुसेन, बेन किंग व डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. त्यांनी प्रथम पूर्वेकडील ठिकाणे पाहिली. ब्ल्यूइट यांच्या वेळचे दाट सपाट रान तेथे आता शेतीखाली गेलेले होते. काही हाती लागले नाही. मग ते पश्चिमेस, शहाद्यापलीकडील सातपुड्याच्या उतरणीवर आले.

२५ नोव्हेंबर १९९७. सकाळची साडेआठची वेळ. बेन किंग यांना एका निष्पर्ण झाडावर एक घुबड बसलेले दिसले. डोक्यावर ठिपके नाहीत. छाती पिंगट, पोट पांढरेशुभ्र. पायांवर दाट पांढरी पिसे. रास्मुसेन यांनी संग्रहालयांतील कातडी इतक्या वेळा हाताळली होती की त्यांना पुस्तक उघडण्याची गरज पडली नाही. पक्षी उन्हात खुशाल बसून होता आणि त्यांनी त्याची छायाचित्रे व चलच्चित्रे घेतली. एकशे तेरा वर्षांनंतर रानपिंगळ्याची खरीखुरी नोंद झाली, ती डेव्हिडसन यांच्याच मुलखात.

या गोष्टीत आपल्याला खटकावे असेही काही आहे. तो पक्षी त्या शंभर वर्षांत कोठेही गेला नव्हता. रानपिंगळा दिवसा वावरणारे घुबड आहे. तो सकाळी उंच झाडाच्या शेंड्यावर बसतो, सरडे व लहान प्राणी भरदिवसा पकडतो. सातपुड्याच्या पायवाटांवरून रोज जा-ये करणाऱ्यांच्या डोक्यावरच तो बसलेला असणार. पण त्यांना कोणी विचारले नाही, आणि जे विचारणारे होते ते एका बड्या साहेबाच्या खोट्या चिठ्ठीमागे तापीच्या दुसऱ्याच टप्प्यात फिरत होते. एहांनी कावळ्या-चिमण्यांवर लिहिले तसे खानदेशच्या रानावर मराठीतून कोणी त्या काळी लिहिले असते, तर या घुबडाला सापडण्यासाठी लंडनच्या क्ष-किरण यंत्राची वाट पाहावी लागली नसती, असे प्रस्तुत लेखकाला वाटते. हा निव्वळ तर्क आहे, हे कबूल.

पुन्हा भेट झाल्यावर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी मागोवा घेतला आणि तळोदा, तोरणमाळ, मेळघाट येथे रानपिंगळे आढळले. मध्यप्रदेशात खकनारच्या बाजूसही ते मिळाले. जागतिक यादीत त्याची गणना अत्यंत संकटग्रस्त जातींत होई. नव्या ठिकाणांची भर पडल्यावर २०१८ साली त्याला एक पायरी खाली, संकटग्रस्त जातींत घातले. त्याचे संकट मात्र सरलेले नाही. त्याला जुन्या सागाचे, पोकळ ढोल्या असलेले मोकळे रान लागते, आणि असे रान अतिक्रमणाने व तोडीने आक्रसत आहे.

दिल्लीच्या आगीत काय गेले हे ज्याला मोजावयाचे असेल त्याने एखाद्या खणातील सात घुबडे डोळ्यांसमोर आणावीत. २ सप्टेंबर २०१८ च्या रात्री ब्राझीलमध्ये रिओ द जानेरोचे राष्ट्रीय संग्रहालय जळाले, तेव्हा तेथे सुमारे दोन कोटी वस्तू होत्या. त्यांपैकी ज्यांची वर्णने, मापे आणि छायाचित्रे अन्यत्र छापलेली होती त्यांच्याविषयी अभ्यासकांजवळ निदान बोलण्यासारखे काही राहिले. कोणी न लिहिलेल्या वस्तू त्या रात्री दुसऱ्यांदा नाहीशा झाल्या.

मुंबईत, सोसायटीच्या 'हॉर्नबिल हाउस'मध्ये, पक्षी, प्राणी व कीटक मिळून लाखावर नमुने खणांत आहेत. तेथून ठाणे जिल्ह्यात शंभरएक किलोमीटरांच्या आत तानसा अभयारण्य लागते. मुंबईच्या नळांना पाणी पुरविणाऱ्या तलावांपैकी एक तलाव त्या रानात आहे. रानपिंगळा तेथे असेल असे कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले नव्हते. २०१४ च्या ऑक्टोबरात दोघा पक्षिनिरीक्षकांना तो तेथे दिसला. त्यांनी छायाचित्र घेतले, आणि तारीख व ठिकाण लिहून ठेवले.